निसर्ग वादळानंतर कौलांची दुरुस्ती
३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनजवळच्या आमच्या घराची वाऱ्याकडील कौले उडाली. पाऊस तोंडावर आल्याने जो तो कारागीर शोधत होता; तरीही अंगणात उभे राहूनच दर सांगणाऱ्यांना नकार देऊन, माळ्यावर चढून रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) पेचकसाने टोचून पाहणाऱ्या सुताराला मी काम दिले. वरून धड दिसणाऱ्या रिपा खिळ्यांभोवती ओलीने भुसभुशीत झाल्या होत्या. लाकूड, कौले आणि मजुरी यांचा हिशेब वेगवेगळा लिहून घेतला व काही रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवली (सुताराने कुरकुर न करता हे मान्य केले, हेही चांगल्या कारागिराचे लक्षणच). वारा आधी वळचणीची आणि आढ्यावरची कौले उचलतो, म्हणून वळचणीच्या ओळीतील मंगलोरी कौले त्यांच्या पाठीकडच्या भोकातून तांब्याच्या तारेने रिपेला बांधून घेतली. खाऱ्या हवेत साधी लोखंडी तार लवकर गंजते.