संगणकाचा आवाज खरखरत असेल तर दोष कसा शोधावा

संगणकावर गाणे किंवा चित्रपट लावला आणि आवाजात मधूनच तडतड होऊ लागली, की बहुतेक जण आधी स्पीकरला दोष देतात आणि मग ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, काढून पुन्हा बसवतात. हे उपाय कधीकधी लागू पडतातही; पण खरखर नेमकी कुठे निर्माण होते हे कळण्याआधी चार ठिकाणच्या सेटिंग्ज बदलल्या, तर मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात आपण केलेल्या बदलांचा गुंता वाढतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर लिहून ठेवावा आणि उपयोग झाला नाही तर आधी तो पूर्ववत करून मगच पुढे जावे.

पहिली पायरी: नीट ऐकणे

खरखर जिथे ऐकू आली, तिथून दहा सेकंद मागे जाऊन तोच भाग पुन्हा ऐकावा. दर वेळी त्याच शब्दावर, त्याच सुरावर तडतड होत असेल, तर दोष मूळ ध्वनिमुद्रणात किंवा त्या फाइलमध्ये आहे आणि संगणकाला हात लावण्याचे कारण नाही. ती दर वेळी वेगळ्या जागी येत असेल, तरच पुढची तपासणी करावी.

खरखरीचे स्वरूपही बरेच काही सांगते. फक्त मोठ्या आवाजात, ठेक्याच्या किंवा उंच स्वराच्या जागी आवाज फाटत असेल, तर ध्वनिपातळी मर्यादेबाहेर गेली आहे. वायर हलवली की खरखर वाढत असेल, तर जॅक किंवा पिन सैल आहे. काहीही वाजत नसतानाही सतत घुमल्यासारखा आवाज येत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढताच तो थांबत असेल, तर तो विजेच्या अर्थिंगचा प्रश्न आहे. तिथे सॉफ्टवेअरमधले कोणतेही बटण कामाचे नाही. आवाज सुरू होताना किंवा थांबताना एकदाच ‘टक’ असे होत असेल, तर ध्वनीचा भाग वीज वाचवण्यासाठी झोपतो आणि जागा होतो, एवढाच त्याचा अर्थ. अनियमितपणे, कधी मिनिटाला एकदा तर कधी लागोपाठ, बारीक तुटल्यासारखी होणारी तडतड मात्र बहुधा संगणकाच्या आतली असते.

दुसरी पायरी: मार्ग बदलून पाहणे

तोच हेडफोन दुसऱ्या उपकरणाला लावावा आणि या संगणकाला दुसरा हेडफोन जोडावा. शक्य असल्यास यूएसबी हेडसेट किंवा एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरचा स्पीकरही वापरून पाहावा. सर्व मार्गांनी तडतड येत असेल, तर दोष ड्रायव्हर किंवा कार्यप्रणालीकडे आहे. फक्त एकाच मार्गाने येत असेल, तर त्या मार्गातच.

ब्लूटूथ हेडफोनचे गणित थोडे वेगळे आहे. एखाद्या प्रोग्रामने त्याचा मायक्रोफोन चालू केला, की बऱ्याचदा हेडफोन संगीताच्या पद्धतीतून दूरध्वनीच्या पद्धतीत जातो आणि आवाज पातळ, दबका होतो. याला खरखर समजू नये. खरोखर तुटक आवाज येत असेल, तर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे, कारण ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालते. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क आणि तिची केबलही याच पट्ट्यात अडथळा आणू शकते, म्हणून ती थोडी दूर ठेवून पाहावी.

तिसरी पायरी: पातळी आणि सेटिंग्ज

काही प्लेअर आवाज १०० टक्क्यांच्या पुढेही नेऊ देतात. संगणक ध्वनिलाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत साठवतो; अशा प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. १६ बिटच्या ध्वनीत प्रत्येक नमुन्याची कमाल किंमत ३२,७६७ असते. त्यापुढे गेलेली लाटेची शिखरे सपाट कापली जातात आणि आवाज फाटतो. इक्वलायझरमध्ये, म्हणजे जाड-बारीक स्वर कमीजास्त करण्याच्या सोयीत, बास भरपूर वाढवला तरी हेच घडते. प्लेअरची पातळी ८० टक्क्यांच्या आसपास ठेवावी, इक्वलायझर बंद करावा आणि आवाज स्पीकरच्या बटणाने वाढवावा.

त्यानंतर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या क्रमाने जाऊन आपले ध्वनी उपकरण निवडावे आणि ‘ऑडिओ एनहान्समेंट्स’ बंद करावे. तिथेच ‘फॉरमॅट’ पाहावा. संगीताची सीडी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची असते, तर चित्रपटांचा ध्वनी सहसा ४८,००० नमुन्यांचा असतो. विंडोज एकाचे दुसऱ्यात रूपांतर करून घेते. कोणीतरी उत्साहाने १,९२,००० निवडून ठेवलेले असेल, तर कानाला काहीही फायदा न होता काम मात्र वाढते. २४ बिट, ४८,००० हर्ट्झ ठेवावे.

चौथी पायरी: वेळेवर न पोहोचणारा ध्वनी

बहुतेक चिवट दोष इथे सापडतात, म्हणून ही पायरी समजून घेऊन करावी. ध्वनी अखंड प्रवाहासारखा भासला, तरी संगणक तो लहान लहान तुकड्यांत बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, भरत असतो. विंडोजमध्ये हा तुकडा साधारणपणे १० मिलिसेकंदांचा, म्हणजे ४८,००० च्या दराने ४८० नमुन्यांचा असतो. आधीचा तुकडा वाजून संपण्याच्या आत पुढचा हजर झाला नाही, तर मध्ये पोकळी पडते आणि तीच कानाला तडतड म्हणून ऐकू येते. एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरतो, हे याचे नेहमीचे कारण. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर १० टक्केच दिसतो आणि तरीही आवाज तुटतो, याचे अनेकांना नवल वाटते. पण तो आकडा सरासरीचा असतो, त्यात असे क्षणिक अडथळे दिसत नाहीत.

ते पाहण्यासाठी लॅटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम उपयोगी पडतो. तो सुरू करून दहा मिनिटे गाणी वाजू द्यावीत आणि मग ‘ड्रायव्हर्स’ या भागात कोणत्या फाइलने सर्वांत जास्त वेळ घेतला ते पाहावे. तिथे ‘एनडीआयएस’ दिसले तर संशय वाय-फाय किंवा नेटवर्कच्या ड्रायव्हरवर जातो, ‘डीएक्सजी’ने सुरू होणारे नाव दिसले तर ग्राफिक्सवर आणि ‘एसीपीआय’ दिसले तर बॅटरी व वीज व्यवस्थापनावर. याची साधी खातरजमाही करता येते: वाय-फाय पूर्ण बंद करून संगणकात साठवलेले गाणे वाजवावे. खरखर थांबली, तर चोर सापडला. (इंटरनेट संथ असल्याने मात्र अशी खरखर सहसा होत नाही, तेव्हा चित्र थांबते आणि चक्र फिरत राहते.)

दोषी ड्रायव्हर संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर अद्ययावत करून देतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रामांपासून दूर राहिलेले बरे. एखाद्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून जुनी आवृत्ती आणणे अधिक शहाणपणाचे ठरते. वीज व्यवस्थापनाचा संशय असेल, तर पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करून पाहावा.

ध्वनीचाच ड्रायव्हर संशयास्पद असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या यादीतून विंडोजचा सर्वसाधारण ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडावा आणि दिवसभर ऐकून पाहावे. उत्पादकाच्या काही खास सोयी जातात, पण त्या परत आणता येतात. खरखर केवळ ब्राउझरमध्ये होत असेल, तर तिथले ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा.

मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये नमुन्यांचा दर तपासावा आणि अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधून ‘कोअरऑडिओडी’ ही ध्वनी सांभाळणारी प्रक्रिया बंद करावी. ती आपोआप पुन्हा सुरू होते. लिनक्सवर ध्वनी हाताळणारा पाइपवायर हा प्रोग्राम असेल, तर त्याचा बफर वाढवून पाहावा.

एवढे करूनही खरखर राहिली, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते सुरू करावे आणि तेच गाणे वाजवावे. तिथे आवाज स्वच्छ आला, तर यंत्र निर्दोष आहे आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून विंडोज नव्याने बसवणे योग्य ठरेल. तिथेही खरखर आली, तर अंतर्गत ध्वनीचा भागच बिघडल्याची शक्यता जास्त. तो दुरुस्त करण्यापेक्षा यूएसबीला लावायचे लहानसे ध्वनी अ‍ॅडॅप्टर वापरणे सोपे पडते.