हायब्रिडचं ॲव्हरेज पडलं? आधी ऑइलचा डबा बघा

इंदुरात राजवाडा ते पलासिया जाताना हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं, इंजिन किती वेळा बंद-चालू होतं ते एकदा मोजाच. प्रत्येक सिग्नलला ते झोपतं, मग जागं होतं, त्यामुळे नीट तापतच नाही. म्हणून बऱ्याच हायब्रिड गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल लागतं. थंड इंजिनातही ते पटकन वर चढतं आणि घर्षणात पेट्रोल कमी वाया जातं.

आमच्याकडे एका मिस्त्रीने "इंदूरच्या उन्हाळ्यात पातळ कशाला, जाडच बरं" म्हणत २०डब्ल्यू-५० ओतलं. गाडी चालली, पण ॲव्हरेज हळूहळू खाली आलं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा, मागचा तापल्यावरच्या जाडीचा. उन्हाळ्याची काळजी या मागच्या आकड्याने घ्यायची असते आणि तो किती हवा हे मॅन्युअलमध्ये छापलेलंच असतं. सीलबंद डबा समोर उघडून घ्या.

डिपस्टिकही, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, स्वतः बघा. वरच्या खुणेपलीकडे ऑइल गेलं तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, ते घुसळत बसतो, ताकाच्या रवीसारखा. "थोडं जास्तच टाकलंय, साहेब" हे ऐकून खूश होऊ नका.

गाडी कमी फिरते म्हणून ऑइल बदलणं पुढे ढकलू नका. छोट्या फेऱ्यांत न जळलेलं पेट्रोल आणि ओल ऑइलमध्ये उतरते. किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते धरा.

आणखी एक, सहसा विसरलं जाणारं: अनेक गाड्यांत मागच्या सीटजवळ बॅटरीच्या पंख्याची जाळी असते. धूळ, कुत्र्याचे केस, पोह्याची शेव सगळं तिथे अडकतं. सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्या. बॅटरी तापली की गाडी तिचा वापर आखडता घेते आणि इंजिन जास्त चालतं.