हब गिअरची सायकल रोज ऑफिसला वापरताना

शिमानो नेक्सस ८ या हब गिअरमध्ये आठही गिअर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या जाड भागाच्या, आत असतात, त्यामुळे पावसाळ्यात चिखलाने गिअर भरायची कटकट नाही. आणि खरी मजा सिग्नलला, सायकल उभी असतानाच सहावरून दोनवर यायचं आणि हिरवा लागला की आरामात निघायचं. चालवताना मात्र गिअर बदलायच्या क्षणी पायाचा जोर कमी करा, विशेषतः चढावर.

गिअर घसरायला लागला की लगेच हब गेलं असं समजू नका प्लीज, बऱ्याचदा नुसती केबल सैल झालेली असते. शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा भाग, ४ वर ठेवा, हबजवळ दोन पिवळ्या खुणा दिसतील, त्या समोरासमोर आल्या पाहिजेत, नसतील तर शिफ्टरपाशी असलेला बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायची छोटी फिरकी) थोडा थोडा फिरवा, मग १ वर जाऊन परत ४ वर या आणि पुन्हा बघा.

पंक्चरला चाक काढायचं तर आधी गिअर १ वर आणा, केबल सैल पडते. १५ चा पाना जवळ हवाच. वॉशर डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे असतात, काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. बसवताना चेन मधोमध वर-खाली साधारण १ सेंटीमीटर हलली पाहिजे, आणि शेवटी पिवळ्या खुणा परत तपासा.