‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या घरच्या माणसाला कसं सांभाळावं

जेवून अर्धा तास झाला की आमचे आप्पा म्हणायचे, ‘आज मला कुणी वाढलंच नाही.’ एकदा मी मोरीतलं खरकटं ताट उचलून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते निरखून बघितलं आणि विचारलं, ‘कुणाचं गं हे?’ आप्पा खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हा उमगलं.

डिमेन्शियात म्हणजे स्मृतिभ्रंशात, लकव्यात किंवा डोक्याला जबर मार लागल्यावर, स्वतःतला बदल टिपणारी मेंदूची यंत्रणाच कधीकधी बिघडते. डावं अंग लुळं पडलेला माणूसही ‘हात चालतोय की माझा’ म्हणतो. बाबिन्स्की या फ्रेंच मेंदूतज्ज्ञाने १९१४ साली याला अ‍ॅनोसोग्नोसिया हे नाव दिलं. आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगावात शेजारी याला हट्ट म्हणतात. हा हट्ट नव्हे.

म्हणून आधी पुरावे देणं थांबवा. ‘आत्ताच जेवलात की’ म्हणण्याऐवजी ‘भूक लागली काय आप्पा?’ विचारा आणि वाटीभर ताकभात द्या.

दवाखान्यात न्यायचं तर ‘बीपी बघून येऊ’ म्हणा, आणि बीपी खरंच तपासून घ्या. त्याआधी दोन आठवडे काय काय घडलं ते वहीत तारखेनिशी लिहा. वही डॉक्टरांना आधीच पोचवा. समोर बसल्यावर आप्पा दहा मिनिटं इतकं सरळ बोलतात की आपणच खोटे पडतो! थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. थायरॉईड बिघडल्याने किंवा बी-१२ कमी पडल्याने आलेला विसराळूपणा औषधाने सुधारू शकतो.

आपल्या सीमाभागात एक गोष्ट फार जपायला हवी. स्मरणशक्तीची चाचणी माणसाच्या स्वतःच्या भाषेतच व्हावी. खानापूरच्या आजीला कन्नडमधून वार-महिना विचारला, तर चुकलं ते भाषेमुळे की आजारामुळे, हे कसं कळणार? डॉक्टरांना मराठी येत नसेल तर दुभाष्या न्या, पण त्याने उत्तरं सुचवू नयेत. बेळगावात मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांची सरकारी संस्था आहे.

घरात गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद ठेवा, गाडीची चावी नजरेआड करा. लकवा झालेल्याला एकट्याने उठू देऊ नका. पाय लुळा आहे हेच ठाऊक नसल्याने तो पडतो.

तोंड अचानक वाकडं झालं, बोबडी वळली, तर ‘मी बरा आहे’ यावर विसंबू नका. लगेच १०८ ला फोन करा. आणि रात्र-रात्र जागून तुमचाच धीर सुटत असेल तर टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर लावा.