धंदा बुडत असताना मोफत वकील मागताय? या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडचे छोटे कारखानदार आणि मेन रोडचे दुकानदार जुन्या आग्रा रोडवरच्या जिल्हा न्यायालयात तारखांना येतात, पण मोफत वकील देणाऱ्या तिथल्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जात नाहीत. 'मोफत वकील गरिबाला, आपण धंदेवाले' हा समज फार महागात पडतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ धंदा नाही, माणूस पाहतं. महिला, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अटच नाही. इतरांसाठी राज्यात मर्यादा वर्षाला ३ लाख. इथे उलाढाल धरून अनेकजण स्वतःच माघार घेतात. मोजायचं ते उत्पन्न. अर्ज फर्मच्या लेटरहेडवर नको, स्वतःच्या नावाने करा आणि सोबत उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र जोडा. निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा. चौकशीसाठी १५१०० वर फोन करा. पॅनेलच्या वकिलाला फी द्यायची नसते.

बायकोला मोफत वकील मिळतो म्हणून गाळा तिच्या नावावर करू नका. अशा हस्तांतरानंतर २ वर्षांच्या आत नादारीचा (कर्ज फेडता येत नाही असं कोर्टाकडून जाहीर करून घेण्याचा) अर्ज दाखल होऊन नादारी जाहीर झाली, तर ते रद्द होऊ शकतं.

बँकेची सरफेसी नोटीस (थकलेलं कर्ज भरा, नाहीतर गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ अशी) आली की लोक शाखाधिकाऱ्याच्या केबिनमध्ये हेलपाटे घालतात आणि नोटिशीतले ६० दिवस संपतात. तोंडी बोलणीने मुदत थांबत नाही. हरकत लेखी द्या, पोच घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. विधी सेवा तिथेही लागू आहे, पण चाळिसाव्या दिवशी आलेल्या माणसासाठी वकिलाने करायचं काय?

एकट्याचा धंदा किंवा साधी भागीदारी असेल तर एनसीएलटीचा (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा) रस्ता धरू नका. तो कंपन्या आणि एलएलपींचा (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांचा). तुमच्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. मात्र गहाण मालमत्तेवरचा बँकेचा हक्क नादारीने थांबत नाही. अर्जात हातउसने धरून प्रत्येक देणं आणि ते कुणाचं हे लिहा. मागच्या ३ वर्षांच्या हिशेबाच्या वह्या सांभाळा. त्या नसल्या तर कर्जातून पूर्ण मुक्तता नाकारली जाऊ शकते. आणि नादार ठरल्यावर लोक घरी बसतात, ही शेवटची चूक: कर्जमुक्तीचा वेगळा अर्ज कोर्टाने दिलेल्या मुदतीत करावा लागतो. तो राहिला तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सावकार पुन्हा दारात येतात.