दिवाळीच्या तयारीत घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत या चुका टाळा

दिवाळी आणि घरातलं जनावर असा विषय निघाला की बोलणं फटाक्यांपाशी सुरू होतं आणि फटाक्यांपाशीच संपतं. फटाक्यांचा त्रास आहेच, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण माझं स्पष्ट मत असं आहे की मुंबईच्या फ्लॅटमध्ये कुत्र्या-मांजराला जास्त धोका असतो तो वसुबारसेच्या आधीच्या पंधरवड्यात. माळ्यावरचं सामान खाली आलेलं असतं, रंगारी घरात असतात, दार सताड उघडं असतं, ओट्यावर फराळाची पातेली असतात आणि एकाही माणसाला मान वर करून बघायला फुरसत नसते. खाली दिलेल्या चुका या पंधरवड्यातल्याच जास्त आहेत.

फिनेलने लादी पुसली आणि मांजराला लगेच मोकळं सोडलं

फिनेलचा वास आल्याशिवाय सफाई झाली असं आपल्याला वाटत नाही. पण माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत फिनॉलसारखी रसायनं ज्या पद्धतीने मोडून शरीराबाहेर टाकतं, ती पद्धत मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. ओल्या लादीवरून मांजर चालतं, मग कोपऱ्यात बसून पंजे चाटतं आणि विष थेट पोटात जातं. तोंडातून लाळ गळणं, जिभेवर फोड येणं, अन्नाला तोंड न लावणं, चालताना झोक जाणं ही त्याची लक्षणं. काळ्या फिनेलचा धोका मोठा आहेच, पण पांढरं फिनेल निरुपद्रवी आहे असंही समजू नका. त्यात बऱ्याचदा पाइनचं तेल असतं आणि तेही मांजराला बाधतं.

मांजर असलेल्या घरात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे चार थेंब टाकलेलं पाणी पुरतं. फिनेल वापरायचंच असेल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करा, खोली बंद ठेवा, नंतर साध्या पाण्याने पुन्हा पुसा आणि लादी खडखडीत वाळल्यावरच दार उघडा. लादी पुसायला मावशी येत असतील तर त्यांना हे कारणासकट सांगा. नुसतं ‘फिनेल नको’ म्हटलं तर सणाच्या दिवशी घर नीट पुसलं जावं म्हणून त्या आठवणीने घालतील.

माळ्यावरच्या ट्रंका उघडताना डांबरगोळ्या घरभर घरंगळतात, त्या मोजून उचला. नॅफ्थलीनची एक गोळीसुद्धा मांजराला किंवा छोट्या कुत्र्याला आजारी पाडायला पुरेशी असते. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कापूरही विषारीच, त्यामुळे आरतीची डबी खालच्या फळीवर ठेवू नका. अंगाला ऑइलपेंट लागला तर थिनर किंवा रॉकेलने पुसायचा मोह होतो. तसं करू नका. रंगाचे केस कात्रीने कापून टाका, किंवा खायच्या तेलाने रंग मऊ करून साबणाने धुवा.

रंगकामासाठी जाळी काढली आणि खिडकी उघडी राहिली

मुंबईत खिडकीला कबुतराची जाळी असते आणि तिच्या भरवशावर मांजर वर्षभर खिडकीत बसतं. रंगारी ती जाळी सोडवतात, रंगाचा वास जावा म्हणून आपण काचा सरकवून ठेवतो, आणि मांजर सवयीने त्याच जागी उडी मारतं. जाळी तिथे नसते.

मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर पडतं आणि त्याला काही होत नाही, असं अजूनही ठामपणे सांगणारे भेटतात. १९८७ साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातली सुमारे ९० टक्के वाचली हे खरं, आणि हाच आकडा सगळीकडे फिरतो. पण ती दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं होती. जागीच गेलेली त्या मोजणीत येणारच कशी? वाचलेल्यांनाही छातीला मार, जबड्याची आणि टाळूची मोडतोड अशा जखमा होत्या. पायांवर पडलं तरी हनुवटी आणि छाती जमिनीवर आपटतेच.

रंगकाम चालू असेपर्यंत मांजराला एका खोलीत पाणी, खाणं आणि मातीच्या ट्रेसकट बंद ठेवा. दाराबाहेर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा. एक खोली झाली की मांजर तिकडे हलवा आणि दुसरी रंगवायला द्या. वन आरके असेल तर दोन दिवस नातेवाइकांकडे सोडलेलं बरं. जाळी परत बसल्यावर कोपऱ्यांतले हुक हाताने ओढून बघा, कारण रंगाऱ्याला घाई असते.

कुत्र्याच्या बाबतीत धोका दाराचा. कंदील लावणारा, किराणावाला, मिठाईचा बॉक्स घेऊन येणारा शेजारी, अशी दिवसभर ये-जा असते. गळ्यातल्या पट्ट्यावर मोबाइल नंबर आधीच कोरून घ्या. वॉचमनलाही कुत्रा तोंडओळखीने माहीत असू दे.

‘एवढंसं दिलं तर काय होतंय?’

घरातली सगळ्यात प्रेमळ माणसंच ही चूक करतात. आजी चिवडा परतायला बसते, कुत्रा शेजारी येऊन तिच्याकडे टक लावतो आणि आजीचा हात आपोआप पुढे जातो. वसुबारसेला गाय-वासराला आधी नैवेद्य दाखवणाऱ्या घरात मुक्या जिवाला घास न देणं तिला पटतच नाही, आणि त्या भावनेत चूक काहीच नाही. म्हणूनच तिच्यावर ओरडू नका. कोणता पदार्थ का नको ते नीट समजावा आणि तिने द्यायचा खाऊ तिच्या हाताशी एका डबीत ठेवा: उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, शिजवलेला लाल भोपळा, गाजराच्या चकत्या. देण्याचा आनंद तिला मिळायलाच हवा.

फराळात सगळ्यात घातक आहेत ते बेदाणे आणि मनुका. चिवड्यात, रव्याच्या लाडवात आणि भेट आलेल्या सुक्या मेव्याच्या खोक्यात ते असतातच. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं अगदी थोड्या मनुकांनीही निकामी होतात, आणि अमुक इतके चालतील असं सुरक्षित प्रमाण कुणालाच ठरवता आलेलं नाही. शेजारच्यांचा कुत्रा दरवर्षी लाडू खातो आणि ठणठणीत आहे, यावरून तुमच्या कुत्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. सुरुवातीला उलट्या आणि मरगळ दिसते. लघवी कमी होते तोवर दोन-तीन दिवस गेलेले असतात.

कांदा-लसूणही तसाच. चिवड्यातला तळलेला कांदा, लसणाची शेव, लसूण घातलेली चकली. त्याने तांबड्या पेशी फुटतात आणि परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे दिवाळीनंतर आलेली मरगळ फराळाशी कुणी जोडतच नाही. मांजरं याला कुत्र्यांपेक्षाही नाजूक. चॉकलेट जितकं गडद तितकं वाईट. साखर नसलेल्या मिठाईच्या आणि च्युइंगमच्या वेष्टनावर ‘झायलिटॉल’ लिहिलंय का ते वाचा. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासातही धोकादायक खाली जाऊ शकते. नुसत्या करंज्या-शंकरपाळ्यांत विष काही नाही, पण तळणीच्या तुपा-तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं साधं नसतं.

एक मात्र करा. फराळाचे डबे झाकण लावून वर ठेवले तरी पाहुण्यांची ताटली टीपॉयवर असते आणि ती कुत्र्याच्या तोंडाच्या बरोब्बर उंचीवर असते. पाहुणे उठले की ताटली आधी उचला, निरोप नंतर घ्या.

तोरणाची सुई खाली राहिली

दादरच्या फूलबाजारातून झेंडू आणला की जमिनीवर बसून तोरणं ओवायची आपली पद्धत. हललेला दोरा दिसला की मांजर झडप घालतं. त्याच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो, आणि मागोमाग सुईही. कंदिलाच्या झिरमिळ्या आणि भेटवस्तूंच्या फिती यांचंही तेच. तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर ताणलेला दोरा आतडं कापतो. तसंच उचलून डॉक्टरांकडे न्या.

झेंडूने फारसं काही होत नाही. लिलीने मात्र मांजर मरतं. दिवाळीला ऑफिसातून येणाऱ्या गुच्छात लिली असते. तिची पानं, पाकळ्या, फुलदाणीतलं पाणी, इतकंच काय अंगावर सांडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं बंद पडतात. मांजर असलेल्या घरात तो गुच्छ ठेवूच नका, उंच कपाटावरसुद्धा नाही. पूजेसाठी आणलेली कण्हेर कुत्रा, मांजर दोघांच्याही हृदयाला घातक आहे.

रोषणाईच्या माळा प्लगमधून काढल्याशिवाय घर सोडू नका. पिल्लाने वायर चावली आणि शॉक बसला तर ते नंतर खेळताना दिसलं तरी दवाखान्यात दाखवा, कारण फुप्फुसात पाणी साठायला काही तास लागू शकतात.

पाहुणे आले म्हणून मांजराचा ट्रे हलवला

हे कुणाच्या खिजगणतीतही नसतं. भाऊबीजेला घर भरतं, बाथरूम पाहुण्यांना लागतं, वास नको म्हणून मातीचा ट्रे गॅलरीत जातो. गॅलरीत फटाक्यांचा आवाज असतो, मांजर तिकडे फिरकत नाही आणि लघवी रोखून धरतं. ताणामुळे आधीच मूत्राशयाचा दाह होतो आणि बोक्याच्या अरुंद मूत्रमार्गात अडथळा तयार होऊ शकतो. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि माती कोरडीच आहे, असं दिसलं तर ती बद्धकोष्ठता समजून एरंडेल पाजत बसू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

ट्रे होता तिथेच राहू दे. हलवायचाच असेल तर पंधरा दिवस आधी नव्या जागी दुसरा ठेवा आणि मांजर तो वापरू लागल्यावर जुना उचला.

फटाक्यांच्या रात्री जवळ घ्यायचं नाही, असं ठरवलं

‘घाबरलेल्याला कुरवाळलं तर तो आणखी घाबरट होतो’ हे मनातून काढून टाका. भीती ही सवय नव्हे, धीर दिल्याने ती वाढत नाही. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजार आणि मांजराला ६० हजारांच्याही वर. ते तुमच्यापाशी आलं तर जवळ घ्या. पलंगाखाली गेलं तर ओढून काढू नका. बरेच कुत्रे बाथरूममध्ये जाऊन बसतात, कारण तिथे रस्त्याचा आवाज सगळ्यात कमी पोचतो. तिथे त्याची गोधडी टाका, दार अर्धवट उघडं ठेवा, पंखा आणि टीव्ही चालू करा, खिडक्या-पडदे लावा. फिरायला दिवस मावळायच्या आधीच नेऊन आणा, साखळी दोन वेढे घेऊन हातात धरा.

झोपेच्या गोळीबद्दल. काही जुन्या गुंगीच्या औषधांनी कुत्रा निपचित पडतो, पण आतली भीती तशीच राहते. फक्त ती दाखवायचं त्राण उरत नाही. आता भीतीवरची वेगळी औषधं मिळतात. डॉक्टरांशी दोन-तीन आठवडे आधी बोला आणि एका शांत दिवशी त्या औषधाचा परिणाम बघून ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करून हे जमत नाही. माणसांचं पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, मांजराला एका गोळीने मरण येऊ शकतं.

रात्री १० ते सकाळी ६ फटाक्यांना बंदी आहे, आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईसाठी दिवाळीतली वेळ रात्री ८ ते १० इतकीच ठरवली होती. सोसायटीच्या ग्रुपवर भांडत बसण्यापेक्षा कमिटीकडून नोटीस आधीच लावून घ्या. कंपाउंडमध्ये एकच जागा ठरली तरी घरातल्या जनावरांना आणि गाड्यांखाली आसरा घेणाऱ्या कुत्र्यांना श्वास घ्यायला जागा राहते.

विष पोटात गेल्यावर मिठाचं पाणी पाजलं

मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, म्हणजे एका विषावर दुसरं. फिनेल किंवा ॲसिड गेलं असेल तर उलटी करवल्याने अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. दुधानेही विष उतरत नाही. तोंडात उरलेलं काढा, पंजे-अंगावरचं पाण्याने धुवा, काय, किती आणि केव्हा खाल्लं ते लिहा, बाटली किंवा वेष्टन बरोबर घ्या आणि निघा. मनुका किंवा चॉकलेट खाल्लं असेल तर पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर सुरक्षितपणे उलटी करवू शकतात.

तुमचे नेहमीचे डॉक्टर लक्ष्मीपूजन ते भाऊबीज गावी जातात का, हे आत्ताच विचारून ठेवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा, आणि महालक्ष्मीला २०२४ साली सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय, या दोघांचे नंबर फ्रिजवर लावा आणि सुट्टीतल्या वेळा फोनवरून पक्क्या करा. उपनगरात राहत असाल तर जवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना आधी शोधा, कारण त्या संध्याकाळी रिक्षा मिळायलाच अर्धा तास जातो.

भाऊबीज झाली आणि सगळं आवरलं

फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत वाजत राहतात, तेव्हा बाथरूममधली गोधडी इतक्यात उचलू नका. सकाळच्या फेरीला कुत्र्याची साखळी आखूड धरा. न फुटलेले फटाके आणि बेरियमची दारू लागलेले कागद तो हुंगता हुंगता तोंडात घालतो. घरी आल्यावर पंजे कोमट पाण्यात बुडवून बोटांच्या मधल्या जागा पुसा, रांगोळीची खर आणि दारूची राख तिथेच बसते.