हार्ड डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो: माझा अनुभव

लक्षण असं: बाहेरची हार्ड डिस्क जोडून त्यावरचा गेम सुरू केला की माउसचा बाण अडखळायचा. डिस्क काढली की ठणठणीत. सेल बदलले, ड्रायव्हर पुन्हा टाकला, माउसपॅड बदललं. काडीचा फरक नाही. तीन आठवडे नुसता वैताग.

दोष माउसचा नव्हताच. यूएसबी ३.० जोडणीतून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि माउसचा डोंगलही (माउसचे सिग्नल पकडायला यूएसबी पोर्टात लावतात तो छोटा तुकडा) त्याच पट्ट्यात काम करतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. माझा नखाएवढा डोंगल डिस्कच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टला अगदी खेटून होता.

उपाय असा: आधी डिस्क आणि डोंगल दोन्ही काढा. यूएसबी २.० ची एक मीटरची एक्स्टेंशन केबल डिस्कपासून लांबच्या पोर्टात लावा, डोंगल तिच्या टोकाला. ते टोक माउसपासून वीतभर अंतरावर ठेवा. डिस्क सगळ्यात शेवटी जोडा. तिची केबल डोंगलजवळून जाऊ देऊ नका. माझी गेली होती, बाण लगेच पुन्हा अडखळला. ब्लूटूथ हेडफोनचा आवाज तुटत असेल तरी आधी डिस्क लांब करून बघा, तोही याच पट्ट्यात चालतो.